कागदाच्या माणसाला पाय नसतात

"गॅरेजच्या दाराचा आकडा बदललास तर मला सांग हो पोरी, नाहीतर मोठी पंचाईत होईल."

आम्ही या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात मिस्टर डेल्मर यांनी मला हे बजावलं होतं. समोरच्या घरात एकटेच राहणारे, ऐंशीच्या घरातले गृहस्थ. हातात पीचच्या मुरंब्याची बाटली, कानातल्या यंत्राची बारीक शिट्टी चाललेली. मला कळेना, गॅरेज आमचं, दार आमचं, ते उघडायला बटणांवर दाबायचा आकडा आमचा, आणि पंचाईत यांची कशी? पण कडेवर बर्डी भोकाड पसरून रडत होती, गॅसवर काहीतरी करपत होतं. "हो हो, सांगते की," असं म्हणून मी मुरंबा ठेवून घेतला आणि दार लावलं. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात, असं आपण तरुण माणसं समजतो. मुरंबा मात्र फार छान होता.

पुढे जे रामायण घडलं ते समजायला एवढं लक्षात ठेवा, की मी जन्मजात घाबरट आहे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकल्यामुळे माझी भीती कमी झाली नाही, फक्त टक्केवारीत मांडता येऊ लागली. दिवसाढवळ्या घरात चोर शिरण्याची शक्यता किती अल्प आहे ते मी तुम्हाला आलेख काढून दाखवू शकते. आणि आलेख काढता काढता तीनदा उठून खिडकीची कडी तपासू शकते. त्यातून माझा नवरा ट्रेंट तेलविहिरीवर नोकरीला. तो गेला की आठवडेच्या आठवडे घरात मी आणि नुकतं वर्ष ओलांडलेली, रांगण्यात पटाईत पण चालण्याबद्दल अजून विचार करत असलेली बर्डी. ओक्लाहोमातल्या या गावात आमचं तिसरं कोणी नाही. बर्डीला काही झालं तर मी एकटी काय करणार, या एका प्रश्नावर माझा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

अशा बाईच्या शेजारी देवानं डार्लीन ठेवली.

डार्लीन म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, फक्त त्यात हवामान सोडून सगळं असतं. एक दिवस कुंपणावरून वाकून ती म्हणाली, "अगं, ऐकलंस का? मागच्या गल्लीत एक माणूस भर दुपारी लोकांच्या घरांभोवती फिरत होता. भिंतीला डोळे लावून!"

"भिंतीला?"

"भिंतीला! कुठून शिरायचं ते बघत असणार. आणि तुझा नवरा नेहमी बाहेर. तू बाई पडदे लावून घेत जा. दिवसासुद्धा. आणि दाराबाहेर पुरुषाचे मोठे चिखलाचे बूट ठेव. चोर बूट बघतो आणि म्हणतो, नको, इथे बाप्या आहे."

तो माणूस विजेचे मीटर वाचायला आला होता, हे पुढे कळलं. पण तोवर माझे पडदे बंद झाले होते ते झालेच. ट्रेंटचे जुने बूटही मी दाराबाहेर ठेवले. चोराचं माहीत नाही, पण बर्डीला ते भलतेच आवडले. ती रोज दाराशी रांगत जाऊन त्यांच्या नाड्या चोखायची. रांगणाऱ्या बाळाला जग गुडघ्याच्या खालीच दिसतं. आजी म्हणजे लाल सपाता, डार्लीन म्हणजे फुलाफुलांच्या चपला, आणि मिस्टर डेल्मर म्हणजे चिकटपट्टीचे पांढरे बूट. हे बूट अंगणात दिसले की ती "डे-डे!" करून हात पसरायची, आणि ते बिचारे गुडघे धरत धरत खाली वाकून तिच्यासाठी जिभेनं घोड्याच्या टापा वाजवायचे. मी याकडे कौतुकानं बघायचे, पण त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नाही. मी पदवीधर होते ना.

पुढच्या दाराला एक कडी होती, तिथे तीन झाल्या. मग अंगणात पाटी लावली, 'या घराचं रक्षण केलं जातं.' कोण करतं ते लिहिलं नव्हतं. चार दिवसांत वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष मोजपट्टी घेऊन हजर. पाटी नियमापेक्षा वीतभर उंच आहे म्हणाले.

"मग काय करू?"

"पुरा."

"पाटी?"

"खालचा भाग पुरा. रक्षण कमी करायला कोणी सांगत नाही."

पाटी पुरल्यावर तिच्यावर फक्त 'या घराचं' एवढंच वाचता येऊ लागलं. येणारा-जाणारा वाचून थबकायचा आणि माझ्या घराकडे बघत पुढे जायचा.

शेवटी ट्रेंट फोनवर म्हणाला, "तू एक पिस्तूल घे आणि नीट शिक. म्हणजे तुलाही झोप लागेल आणि मलाही." सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या खो-खो हसल्या. माझ्या सासूबाई वांडा पलीकडच्या गावात राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे, केरसुणीच्या शेजारी, लग्नात मिळालेली दुनळी बंदूक उभी असते. दोन्हींचा वापर सारखाच, म्हणजे साप दिसला तर.

"शिकायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी शिकवणी नव्हती. तुमच्या पिढीला बाई अंडं उकडायलासुद्धा वर्ग लागतो."

"आई, सुरक्षित पद्धत असते ती."

"असेल हो. मी पोर सांभाळीन, तू जा पोर सांभाळायला शिकायला."

आता पिस्तूल विकत घ्यायला गेलं की दुकानदार आधी फोन करून तुमचं चारित्र्य तपासतो. ट्रेंटला यासाठी कॉफी थंड होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. माझ्या वेळी दुकानदारानं फोन कानाला धरून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जरा मोठ्यानंच म्हणाला, "बाई, तुम्हाला थांबावं लागेल. तुमच्यात काहीतरी सापडलंय."

काय सापडलं? तर मेरिडिथ प्रुईट या माझ्याच नावाची, माझ्याच वयाची दुसरी एक बाई कुठेशी गुरं चोरत होती. ती मी नव्हे, हे सरकारला पटायला बरेच दिवस गेले. दरम्यान शेजारच्या काउंटरवर आमच्या चर्चच्या गायनवृंदातल्या बाई मासेमारीचा गळ घेत होत्या. पुढच्या रविवारी 'मोहात सापडलेल्या आपल्या एका तरुण भगिनीसाठी' प्रार्थना झाली, आणि सगळे डोळे मिटून माझ्याच दिशेला तोंड करून बसले होते. गुरं चोरण्याइतकं धैर्य माझ्यात असतं, तर पिस्तूल कशाला लागलं असतं?

तर अशा रीतीनं मी रॉईसच्या वर्गात दाखल झाले. रॉईस म्हणजे पूर्वी पोलिसात असलेला, कमी बोलणारा, मिशा विंचरलेला माणूस. त्याची गावाबाहेर नेमबाजीच्या सरावाची रेंज होती. रांगेत उभं राहायचं, डोळ्यांवर चष्मा, कानांवर ते मोठे डबे, आणि समोर टांगलेला कागदाचा माणूस. त्याला डोकं, खांदे, छाती, आणि मांडीपर्यंत आला की कागद संपतो. रॉईसच्या हातात एक छोटं यंत्र असायचं. ते कानावरच्या डब्यांतूनही ऐकू जाईल असं तीक्ष्ण 'टींऽ' वाजलं, की पिस्तूल उचलायचं, दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि छातीच्या मध्यावर मारायचं. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. मारायचं पक्कं ठरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही, बाजूला सरळ धरायचं.

सांगायला संकोच वाटतो, पण मला ते फार छान जमलं. इतकं, की मला स्वतःचीच भीती वाटू लागली. आयुष्यभर मी खेळात संघ निवडताना शेवटी उरणारी मुलगी, आणि इथे माझा कागदी माणूस रॉईस वर्गाला दाखवायचा. "हे बघा. सगळ्या गोळ्या एका बशीत." मी ते कागद घरी आणून फ्रिजवर लावले. सासूबाई दूध काढता काढता म्हणाल्या, "या मेल्यानं तुझं काय केलं होतं?"

वर्ग संपला त्या दिवशी रॉईस मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मेरिडिथ, तुमचा हात उत्तम आहे. पण कागद चालत येत नाही, बोलत नाही आणि तो तुमच्या ओळखीचा नसतो."

मला वाटलं, हा माणूस बक्षीस देताना असंच बोलत असेल.

मग सरावाचं वेड लागलं. काडतुसांची खोकी, कागदी माणसांची गुंडाळी, सरावाच्या पिशव्या, असा सगळा पसारा गॅरेजमध्ये. तो ठेवायला जागा कुठली? तर गॅरेजच्या फरशीत वादळासाठी पुरलेलं लोखंडी तळघर आहे, त्याच्या सरकत्या झाकणावर. वर शोभेला माझी व्यायामाची सायकल. तळघरात आम्ही तोवर एकदाही उतरलो नव्हतो. सासूबाई त्याला थडगं म्हणायच्या, आणि जिवंतपणी तिथे जायला मला कोण उत्साह. एकदा मिस्टर डेल्मर उघड्या गॅरेजसमोरून जाता जाता थांबले. त्या दिवशी त्यांनी आपली टपालपेटी हिरवी रंगवली होती, आणि पेटीपेक्षा जास्त रंग बुटावर सांडला होता. त्यांनी सायकलकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जड आहे का गं ती?"

"भयंकर जड," मी अभिमानानं म्हणाले. त्यांना व्यायाम करायचा असेल असं वाटलं मला.

आता त्या शनिवारकडे येते.

आमच्या गावात शनिवारी भर दुपारी वादळाच्या सायरनची चाचणी होते. तो वाजला की लोक जेवायला बसतात. कुत्रे एक सूर लावतात, बर्डी त्यात आपला मिसळते, की झाली दुपार. आभाळ भरलेलं असेल तर मात्र चाचणी रद्द करतात, उगाच लोकांचा गोंधळ नको म्हणून. म्हणजे ढगाळ शनिवारी सायरन वाजला, तर तो खरा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण आभाळ भरलंय हे कळायला आभाळ दिसावं लागतं, आणि माझे पडदे डार्लीनच्या सल्ल्यानं बंद होते. फोन बोंबलून सांगत होता म्हणे, पण बर्डीची झोप मोडू नये म्हणून मी त्याचा आवाज बंद करून तो उशांखाली ठेवला होता. असं हे माझं सुरक्षित घर.

सायरन वाजला. मी रताळं कुसकरून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. सायरन थांबेना. आज चाचणी जरा लांबलीच, असं म्हणतेय तोवर गॅरेजमधून घर्रर्र आवाज आला. गॅरेजचं दार वर जात होतं.

ट्रेंट दूर विहिरीवर. सासूबाई चर्चच्या केकविक्रीत. गॅरेजचा आकडा आमच्याशिवाय कोणाला... आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या दाराला तीन कड्या घालणाऱ्या या पदवीधर बाईनं गॅरेजचा आकडा बदललाच नव्हता. आधीच्या मालकिणीचा होता तोच. तो कुणाकुणाला माहीत असेल, देव जाणे.

आत काहीतरी धाडकन पडलं. मग खोकी ओढल्याचा आवाज. कोणीतरी आमचं गॅरेज उपसत होतं.

रेंजवर कधीच न शिकवलेला पहिला प्रश्न असा, की बर्डीचं काय करायचं? पाळण्यात ठेवायची, तर पाळणा दुसऱ्या टोकाला आणि ती माझ्या नजरेआड. बरोबर घ्यायची, तर चोरासमोर बाळ घेऊन जायचं? वर्गात लहान मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून या प्रश्नालाही नसावा. मी तिला उचलून डाव्या कडेवर घेतलं. दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या पिस्तुलाला आता एकच हात उरला.

पिस्तुलाची पेटी कपाटावर होती. बोट टेकवलं की उघडते. माझ्या बोटाला रताळं लागलेलं. पेटी म्हणाली, तुम्ही कोण? मी बोट बर्डीच्या लाळेऱ्याला पुसलं. लाळेऱ्यालाही रताळंच होतं. पेटी पुन्हा म्हणाली, तुम्ही कोण? गुरं चोरणारी मेरिडिथ की दुसरी? शेवटी केसांना बोट पुसलं तेव्हा ती एकदाची उघडली. आणि मग माझ्या हातानं मला न विचारता एक गोष्ट केली. पेटीशेजारी ठेवलेले कानांचे डबे उचलून त्यानं माझ्या कानांवर चढवले. सवय हो! इतके महिने पिस्तुलाआधी डबे, पिस्तुलाआधी डबे. चोराला सामोरी जाताना मी स्वतःला व्यवस्थित बहिरं करून घेतलं.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार मी खांद्यानं ढकललं.

समोर एक आकृती. डोक्यावर मोटारसायकलवाल्यांचं काळ्या काचेचं हेल्मेट. अंगात लांबलचक पिवळा रेनकोट. हातात पहार. माझी सायकल आडवी पडलेली, कागदी माणसं फरशीभर पसरलेली.

"थांब!" मी ओरडले. "हात वर! माझ्याकडे पिस्तूल आहे!" रेंजवर हे वाक्य मी खणखणीत म्हणायचे. इथे ते अंगाई म्हटल्यासारखं निघालं. डब्यांमुळे मलाच ऐकू आलं नाही, त्याला काय येणार. आकृती वळली. हेल्मेटच्या आतून नुसती गुणगुण. मग ती माझ्या दिशेनं यायला लागली. हातातली पहार तशीच.

कागद चालत येत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं.

मी पिस्तूल छातीच्या मध्यावर धरलं. पिवळी छाती, काळी काच. यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. गॅरेज दिसत नव्हतं, बाहेरचं हिरवट पडलेलं आभाळ दिसत नव्हतं. बोट सरळ होतं, बाजूला. वाट पाहत होतं. कशाची वाट पाहत होतं ते मला त्या क्षणी कळलं नाही.

आणि माझ्या कानामागे, डब्यांना भेदून, रताळं तयार झालं.

'टींऽ!'

बोट चापावर गेलं. मी नेलं नाही. ते आपलं आपण गेलं, जसं इतके महिने जात होतं. ठरवायची पाळी माझी होती ना? पण मला कोणी विचारलंच नाही.

"डे-डे!"

बर्डीनं दोन्ही हात पसरून सगळा भार पुढे टाकला. त्या हिसक्यानं माझा तोल डावीकडे गेला, पिस्तुलाचं तोंड छताकडे गेलं, आणि मी पोरीला सावरायला खाली पाहिलं. खाली. जिथे कागद संपतो त्याच्याही खाली.

पिवळ्या रेनकोटाखाली चिकटपट्टीचे पांढरे बूट होते. उजव्या बुटावर हिरव्या रंगाचा डाग.

बोट चापावरून केव्हा निघालं आठवत नाही. मी पिस्तूल कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून, जणू ते पिस्तूल नसून खोडी केलेलं पोर आहे.

आकृतीनं हेल्मेटची काच वर केली. आतला चेहरा घामानं निथळत होता.

"अगं, कानावरचं ते काय आहे ते काढ! मघापासून हाका मारतोय! आणि हे सायकलीचं दुसरं टोक धर, मला एकट्याला सरकत नाही!"

मी डबे काढले आणि तेव्हा तो आवाज ऐकला. सायरन नव्हे, सायरनच्या मागचा. सगळं आभाळ जात्यात घालून कोणीतरी दळत होतं.

आम्ही सायकल लोटली. झाकणाखाली पहार घालून त्यांनी ते मोकळं केलं. बर्डीला आधी आत दिलं, मग मी, मग ते, आणि झाकण ओढलं. आत मिट्ट काळोख, गुडघ्याला गुडघे, आणि वर कुणीतरी आमच्या घरावर हात फिरवून बघत असल्यासारखा थरथराट. चक्रीवादळ म्हणजे काय ते मला टक्केवारीत माहीत होतं. त्याला वास असतो, हे नव्हतं. चिरडलेल्या ओल्या पाल्याचा.

काळोखात मिस्टर डेल्मर जिभेनं घोड्याच्या टापा वाजवत होते. बर्डी हसत होती.

"आकडा बदलला नाहीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "या गल्लीत तळघर हे एकच. आम्ही नवरा-बायको सायरन झाला की इथेच यायचो, डोक्यावर काही आदळू नये म्हणून हेल्मेट घालून. रोझेलाला ते आवडायचं नाही, केस मोडतात म्हणायची."

"मग आज तुम्ही त्यासाठी आलात? आसऱ्याला?"

"छे गं. मी काय, तळघर नसलेले बाकीचे लोक पडतात तसा न्हाणीघरातल्या टबात उशी घेऊन पडलो असतो. पण झाकणावरची ती सायकल मी बघून ठेवली होती. तुझा नवरा घरी नाही. म्हटलं, ही पोर एकटी कशी सरकवणार?"

मी बर्डीला आणखी जवळ ओढलं.

"तुझ्या हातात काय होतं गं? माझ्या काचेवर वाफ धरली होती, दिसलं नाही नीट."

"टॉर्च," मी म्हणाले.

"शहाणी आहेस. वादळात टॉर्च हवीच." ते काळोखात चाचपडले. "मग लाव की."

"वर राहिली," मी म्हणाले. आणि आख्खं वादळ संपेपर्यंत, धुण्याच्या यंत्रावरची ती भरलेली टॉर्च वाऱ्यानं उडून कुठे जाईल या काळजीत मी बसून राहिले.

ती जागच्या जागी होती. घरही होतं. भोवरा आमच्या गल्लीला चाटून पुढच्या माळावर गेला. डार्लीनच्या नातवंडांची उड्या मारायची जाळी मिस्टर डेल्मर यांच्या न्हाणीघराची खिडकी फोडून अर्धी आत शिरली होती. तिचा लोखंडी पाय बरोबर टबात होता. ते टबात वाकून बघत म्हणाले, "उशी चांगली होती हो ती." माझी पाटी उपटून त्यांच्या छपरावर जाऊन बसली होती. आता ती पूर्ण वाचता येत होती. समितीचे अध्यक्ष खालून तिच्याकडे बघत होते, पण छपरावरच्या उंचीबद्दल नियमात काही नसावं.

रात्री ट्रेंटचा फोन आला. "शिकलेलं उपयोगी पडलं का?" त्यानं आपलं काळजीनं विचारलं. पडलं म्हणावं, तर काय उपयोगी पडलं? बोट बाजूला ठेवायचा नियम नसता तर आज मी कुठे असते, ते आठवून माझी झोप उडते. आणि 'टींऽ' ऐकून ते बोट जिथे गेलं, तेही रेंजवरच शिकलं होतं. माझ्याच बोटाला दोन मास्तर एकाच माणसानं लावून दिले होते. या गणिताचं उत्तर मला अजून आलेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी तो मायक्रोवेव्ह विक." तो मी विकला.

रॉईसला मात्र मी सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि मिशी ओढली. पुढच्या वेळी गेले तर प्रत्येक कागदी माणसाखाली त्यानं सूचिपत्रांतून कापलेली बुटांची चित्रं चिकटवली होती. नर्सचे बूट, शेतकऱ्याचे बूट, एकाखाली फ्रॉकवाल्या मुलीचे सँडल. आधी खाली बघा, मग मला सांगा कोण आहे, असा नवा धडा. वर्गाचा पार गोंधळ उडाला. एका धिप्पाड ट्रकवाल्यानं त्याच्या माणसाकडे पाहून पिस्तूल खाली ठेवलं. "मला दुसरा द्या," तो म्हणाला. "असेच बूट माझे वडील घालायचे."

हे सगळं आज का लिहितेय ते सांगते. ट्रेंटची बदली महिनाभरासाठी उत्तरेला, डकोटात झाली, म्हणून मी, बर्डी आणि सासूबाई इथे आलो आहोत. डार्लीन लेकीकडे गेली आहे. सकाळपासून हवामानाच्या नकाशावर आमचं गाव लाल दिसतंय, आणि मिस्टर डेल्मर फोन उचलत नाहीत. कानातलं यंत्र काढून ठेवलं असेल. बहुधा तेच असेल. शक्यता मी काढून पाहिली, आणि नेहमीसारखा तिचा काही उपयोग झाला नाही. बर्डी आता चालते. घरभर बूट शोधत फिरते आहे.

तर तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला असाल, तर आमच्या गल्लीत एक चक्कर टाका. हिरवी टपालपेटी, छपरावर पाटी. दार वाजवत बसू नका, ऐकू जायचं नाही. त्यांना दिसेल असे समोर उभे राहा आणि हाताला धरून आमच्या गॅरेजमध्ये न्या. आकडा त्यांना ठाऊक आहे, आम्ही बदललेला नाही. झाकणावर काही ठेवलेलं नाही. हेल्मेट घालायला लावा, आणि आत उतरले की मला एवढं कळवा, की पायांत पांढरे बूट होते.

आणि त्यांनी त्या टॉर्चबद्दल काही विचारलं, तर मेरिडिथ ती बरोबर घेऊन गेली म्हणून सांगा.